संरक्षणाची हमी आणि तिचे मोल : ठाणे-साष्टी ते सातारा, तैनाती फौजेच्या तहांचे एक विवेचन

प्रस्तावना

एखादी बलाढ्य सत्ता लहान मित्रराज्याला संरक्षणाचे वचन देते, तेव्हा त्या वचनाचा नेमका अर्थ काय असतो, हा आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासातील एक जुना आणि आजही न सुटलेला प्रश्न आहे. आपल्याकडील वर्गांत हा विषय बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी करारांपासून सुरू होतो. इतिहासाच्या तासाला हाच विषय 'तैनाती फौज' या नावाने येतो. पण तेथे तो लॉर्ड वेलस्लीच्या धूर्तपणाचे उदाहरण म्हणून तहांच्या अटींची यादी पाठ करून संपतो. या दोन तासांची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः महाराष्ट्राच्या इतिहासात, आणि त्यातही ठाणे-साष्टीच्या भूमीवर, संरक्षणाच्या हमीचे जवळजवळ सर्व प्रकार प्रत्यक्ष घडून गेलेले आहेत : हमी देण्यापूर्वीच घेतलेली किंमत, दिल्यानंतर नाकारलेली हमी, आणि अखेरीस जिचे रक्षण करावयाचे त्या राज्यालाच वेढणारी फौज. प्रस्तुत लेखात सुरत, वसई आणि सातारा येथील तहांच्या आधारे या हमीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

'तैनाती फौज' ही संज्ञा प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. कंपनीने आपली कवायती पलटणे मित्रराज्याच्या संरक्षणासाठी 'तैनात' करावीत व त्यांचा खर्च त्या राज्याने रोख रकमेने अथवा मुलूख तोडून देऊन भागवावा, अशी ही व्यवस्था होती. तिचे जनकत्व वेलस्लीकडे दिले जाते, ते पूर्णतः खरे नाही. फ्रेंच सेनानी बुसी याने हैदराबादेत निजामाच्या दरबारी फौज ठेवून १७५३ मध्ये तिच्या खर्चापोटी उत्तर सरकारचे जिल्हे मिळवले होते. अयोध्येच्या नबाबाशी कंपनीने १७६५ पासून याच वळणाचे करार केले होते. वेलस्लीने १७९८ नंतर या विखुरलेल्या प्रथेला एका धोरणाचे रूप दिले, एवढे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ठाण्याचा किल्ला : वचनापूर्वी घेतलेली किंमत

ठाणे शहरातील मध्यवर्ती कारागृह ज्या तटबंदीत आहे, तो पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला व पुढे मराठ्यांनी पुरा केलेला किल्ला होय. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेतली आणि संपूर्ण साष्टी बेट पेशव्यांच्या अमलाखाली आले. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील, खाडीकाठचा कोपरीचा परिसरही या बेटाच्याच पूर्व कडेस येतो. मुंबईतील इंग्रजांच्या दृष्टीने साष्टी ही केवळ शेजारची जमीन नव्हती. मुंबई बंदराचे रक्षण आणि मुंबईचा धान्यपुरवठा या दोन्ही बाबी त्या बेटावर अवलंबून होत्या. साष्टी व वसई मिळवणे हे मुंबई कौन्सिलचे अनेक वर्षांचे उद्दिष्ट होते, आणि नारायणराव पेशव्याच्या ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या खुनाने तशी संधी चालून आली.

खुनानंतर पेशवेपदी आलेल्या रघुनाथरावाचा हक्क १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म होताच डळमळीत झाला. बारभाईंनी त्याच्याविरुद्ध फळी उभारली व तो गुजरातेत इंग्रजांच्या आश्रयास गेला. येथे घटनांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. साष्टी व वसई देण्यास रघुनाथराव प्रारंभी तयार नव्हता. वाटाघाटी लांबल्या. तेवढ्यात, साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीजांचे आरमार येत असल्याचे कारण पुढे करून मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर सैन्य धाडले. २७ तारखेचा हल्ला मोठ्या हानीनिशी फसला. २८ डिसेंबर रोजी किल्ला पडला. सुरतेचा तह झाला तो त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये. म्हणजे संरक्षणाचा मोबदला म्हणून जे द्यावयाचे होते, ते संरक्षणाचे वचन देण्याआधीच घेऊन झाले होते. तहाने त्या ताब्यास केवळ कायदेशीर वस्त्र चढवले.

सुरतेच्या तहान्वये इंग्रजांनी २,५०० सैनिक पुरवावयाचे होते. त्यांच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख, म्हणजे वर्षास १८ लाख रुपये रघुनाथरावाने देणे होते. साष्टी, वसई व लगतची बेटे, तसेच गुजरातेतील जंबुसर व ओलपाड हे परगणे कायमचे तोडून देण्याचे ठरले. रोख रक्कम जवळ नसल्याने त्याला सहा लाखांचे जडजवाहीर तारण ठेवावे लागले. या तहातील लहान पक्ष कोण होता, हे येथे विसरून चालणार नाही. तो राज्य नव्हता. राज्यावर हक्क सांगणारा, राज्याबाहेर फेकला गेलेला एक पुरुष होता. बलाढ्य सत्तेची हमी ज्याला सर्वाधिक निकडीची असते तो तिची किंमत ठरवण्याच्या स्थितीत सर्वांत कमी असतो, ही या व्यवहारातील मूळ विषमता आहे.

वचन कोणाचे : मुंबई, कलकत्ता की लंडन?

अडासच्या लढाईने (मे १७७५) मुंबईकरांना काहीसा हुरूप आला असेल, पण त्यांचे वचन कोणत्या अधिकाराने दिले गेले हा प्रश्न लगेचच उभा राहिला. १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध व तह यांच्या बाबतीत मुंबईला कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलच्या अधीन केले होते. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यात रघुनाथरावाची बाजू सोडून देण्यात आली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच ठेवण्यात आली. दरम्यान लंडनमधील संचालक मंडळाने सुरतेच्या तहास पसंती कळवली. एकाच कंपनीची तीन मुखे, आणि तिन्हींचे म्हणणे वेगळे.

या गोंधळाकडे केवळ प्रशासकीय विसंगती म्हणून पाहणे अपुरे आहे. बलाढ्य सत्तेच्या वचनाची विश्वासार्हता तिच्या सामर्थ्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती सत्तेच्या अंतर्गत निर्णयपद्धतीवर असते. लहान मित्राला वाटते की आपण एका राज्याशी करार केला. प्रत्यक्षात तो त्या राज्यातील एका गटाशी, एका कार्यालयाशी झालेला असतो. कोणता गट उद्या वरचढ ठरेल हे त्याच्या हाती नसते.

पुढील घटना सुपरिचित असल्याने त्या संक्षेपाने नोंदवणे पुरे. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला घेऊन पुण्याकडे निघालेले मुंबईचे सैन्य तळेगावपाशी अडले व वडगाव येथे त्यास मानहानीकारक करार करावा लागला. साष्टीसह जिंकलेला मुलूख परत करण्याचे त्यात कबूल झाले. पण तेही वचन कलकत्त्याने नाकारले. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध संपले. वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि ज्याच्यासाठी हे सारे आरंभले होते त्या रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. १७८३ मध्ये तो कोपरगाव येथे मरण पावला. संरक्षणाचे वचन मोडले, पण त्याची किंमत परत आली नाही.

खर्डा : न दिलेल्या हमीचा परिणाम

अमेरिकन अभ्यासक ग्लेन स्नायडर याने १९८४ मधील एका निबंधात मित्रराष्ट्रांच्या मनातील दोन भीतींचे विवेचन केले आहे. एक, ऐन वेळी मित्र आपल्याला सोडून देईल ही. दुसरी, मित्र आपल्याला नको असलेल्या युद्धात फरफटत नेईल ही. एक भीती कमी करावयास जावे तर दुसरी वाढते. रघुनाथरावाने पहिली अनुभवली. निजामाचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे व निजाम एकत्र आले होते. पण मराठ्यांशी बिघाड होताच निजामाने मागितलेले साहाय्य गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने नाकारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. त्यानंतर त्याने इंग्रजी पलटणे दूर करून रेमंड या फ्रेंच सेनानीच्या कवायती फौजेवर भिस्त ठेवली, हे स्वाभाविकच होते.

वेलस्ली आला तेव्हा त्याच्यापुढे हा धडा ताजा होता. सप्टेंबर १७९८ च्या तहाने हैदराबादेतील फ्रेंच पथके मोडण्यात आली व त्यांच्या जागी इंग्रजी पलटणी आल्या. १८०० च्या तहात संरक्षण अधिक व्यापक झाले आणि रोख रकमेऐवजी, म्हैसूरच्या युद्धांतून निजामाच्या वाट्यास आलेला मुलूखच कंपनीने कायमचा घेतला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा भाग त्यातूनच मद्रास इलाख्यात गेला. पैसा थकतो, मुलूख थकत नाही, हा त्यामागील हिशेब.

वसईचा तह आणि 'किरकोळ प्रसंग'

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ हडपसर येथे पेशवा व शिंदे यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. दुसरा बाजीराव महाडमार्गे कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या साहाय्याने समुद्रमार्गे वसईस पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे झालेला तह मराठी वाचकांस परिचित आहे. चिमाजी आप्पाने मोठ्या बलिदानाने जिंकलेल्या गावी त्याच्या घराण्यातील वंशजाने हा तह करावा, हा योगायोग बखरकारांसही सुचला नसता.

तहाने किमान ६,००० पायदळ व तोफखाना पेशव्याच्या मुलखात कायमचा राहणार होता आणि त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश कंपनीला मिळणार होता. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवता येणार नव्हते. अन्य सत्तांशी बोलणी कंपनीला विचारूनच करावयाची होती. निजाम व गायकवाड यांच्याकडील पेशव्यांच्या येण्याचा वाद इंग्रजांच्या मध्यस्थीने सोडवावयाचा होता. या अटी पाठ्यपुस्तकांत असतात. त्यामानाने दुर्लक्षित राहते ती फौजेच्या वापरासंबंधीची अट. पेशव्याच्या जीविताचे रक्षण व बंडखोरांचे पारिपत्य अशा महत्त्वाच्या कामांसाठी फौज सज्ज राहील. किरकोळ प्रसंगी, अथवा शिबंदीप्रमाणे महसूलवसुलीसाठी तिचा उपयोग होणार नाही, असे तीत म्हटले होते. वाचताना ही अट निरुपद्रवी वाटते. परंतु प्रसंग किरकोळ की महत्त्वाचा, हे ठरवावयाचे कोणी? व्यवहारात ते पुण्याच्या रेसिडेंटाने ठरवले. हमीच्या दस्तऐवजात सर्वांत वजनदार शब्द बहुधा असाच एखादा विशेषणवजा शब्द असतो.

दक्षिणेतील जहागीरदारांचा प्रश्न हे याचे उत्तम उदाहरण होय. पटवर्धन आदी सरदारांना बळाने वठणीवर आणावे, अशी बाजीरावाची इच्छा होती आणि त्यासाठी तैनाती फौज आपलीच आहे अशी त्याची समजूत असावी. एल्फिन्स्टनने १८१२ मध्ये पंढरपूर येथे केलेल्या तडजोडीने जहागीरदारांनी पेशव्याची सेवा करावी व पेशव्याने त्यांच्या जहागिरींस हात लावू नये, असे ठरले. या व्यवस्थेस इंग्रज जामीन राहिले. म्हणजे ज्या सत्तेने पेशव्याला त्याच्या सरदारांपासून संरक्षण दिले, तिनेच सरदारांना पेशव्यापासून संरक्षण दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोल्हापूर व सावंतवाडी यांच्याशी स्वतंत्र तह होऊन मालवण व वेंगुर्ले कंपनीच्या हाती आले. मराठी मुलखातील प्रत्येक लहान-मोठ्या सत्तेची दोरी स्वतंत्रपणे एकाच खुंटीला बांधली गेली. त्या दोऱ्या परस्परांत गुंतल्या नाहीत. आजच्या परिभाषेत ज्यास केंद्रवर्ती व द्विपक्षीय करारांची रचना म्हणतात, ती याहून निराळी नव्हे.

ठाण्याचा कैदी

गायकवाडांच्या वतीने हिशेबाच्या बोलण्यांसाठी पुण्यास आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे त्यांचा खून झाला. संशय पेशव्याचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर गेला. एका व्यक्तीला दिलेल्या हमीचा भंग हा साऱ्या हमीव्यवस्थेवरील आघात आहे, अशी भूमिका एल्फिन्स्टनने घेतली. तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. एका वकिलाचे रक्षण न करू शकणाऱ्या सत्तेवर राजेरजवाड्यांनी विश्वास का ठेवावा? बाजीरावास त्रिंबकजीला स्वाधीन करावे लागले, आणि त्याला ठेवण्यासाठी निवडण्यात आला ठाण्याचा किल्ला. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या हमीची किंमत म्हणून घेतलेला तोच.

सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटला. किल्ल्यावरील पहारा गोऱ्या शिपायांचा होता. त्यांना मराठी कळत नसल्याने एका मोतद्दाराने गाण्यातून पळण्याचा बेत कैद्याच्या कानी घातला, अशी कथा बिशप हेबरने नोंदवली आहे. तिच्यातील तपशील कितपत खरा याची शहानिशा कठीण असली, तरी परिणाम निर्विवाद आहे. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला महिन्याभरात हजर करण्याची व तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले ओलीस ठेवण्याची मागणी केली. पुण्याभोवती सैन्य आणले गेले ते कोणते? पेशव्याच्या संरक्षणासाठी, त्याच्याच मुलखाच्या उत्पन्नावर पोसलेली, कर्नल लायोनेल स्मिथच्या हाताखालील पुणे तैनाती फौज. १३ जून १८१७ च्या पुणे करारात बाजीरावाने मराठामंडळाच्या प्रमुखत्वावरील हक्क सोडला, आणि कल्याणसह उत्तर कोकण कंपनीला मिळाले. खाडीच्या अलीकडचे साष्टी आणि पलीकडचे कल्याण यांमधील त्रेचाळीस वर्षांची राजकीय सीमा अशा रीतीने पुसली गेली. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई व पुढील वर्षी पेशवाईचा अस्त हे त्याचे उपसंहार होत.

याच वर्षी, १२ ऑगस्ट १८१७ रोजी, टॉमस मन्रो याने गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास लिहिलेल्या पत्रात तैनाती पद्धतीची अत्यंत परखड चिकित्सा केली. हिंदुस्थानात वाईट राज्यकारभारावर दरबारातील शांत उलथापालथ अथवा बंड हा नेहमीचा उपाय होता. परंतु परकीय फौज राजाला घरच्या व बाहेरच्या प्रत्येक शत्रूपासून वाचवू लागली की तो उपायच नाहीसा होतो, आणि राजा आळशी, लोभी व जुलमी बनतो, असा त्याचा मथितार्थ होता. ही टीका विरोधकाची नव्हे, कंपनीच्याच एका अनुभवी अधिकाऱ्याची आहे, हे विशेष. संरक्षणाच्या हमीचा हिशेब मांडताना अभ्यासक दोन राज्यांचा विचार करतात. त्या हमीखाली राहणाऱ्या रयतेचा तिसरा रकाना मन्रोने उघडला.

सातारा : 'वारस' या शब्दाचा अर्थ

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याचे राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना कायमचे म्हणून देण्यात आले. १८३९ मध्ये कटाच्या आरोपावरून त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे राहून संचालकांपुढे व इंग्लंडच्या लोकमतापुढे हे प्रकरण लढवले. ठाणे शहरातील एका चौकाला आज त्यांचे नाव आहे; तेथून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना, तहाच्या वचनाचा जाब वचन देणाऱ्याच्या घरी जाऊन मागणारा हा माणूस माहीत असेल.

एप्रिल १८४८ मध्ये प्रतापसिंहांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तहातील 'वारस' या शब्दात दत्तक पुत्र येतो काय, एवढाच मुद्दा होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य खालसा करण्यास विरोध केला. डलहौसीने ते खालसा केले. हिंदू धर्मशास्त्रात दत्तकाच्या हक्काविषयी संदिग्धता नव्हती. संदिग्धता होती ती अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी. आणि तहात तिचे उत्तर नव्हते. वऱ्हाडात किंमत वेगळ्या वाटेने वसूल झाली. तैनाती फौजेशिवाय उभ्या केलेल्या 'हैदराबाद कंटिंजंट'च्या खर्चाची थकबाकी दाखवून १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून लावून घेण्यात आला, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला.

आजच्या हमींकडे पाहताना

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे तह आणि आजचे करार यांची सरसकट तुलना करणे अशास्त्रीय ठरेल. आज लहान राष्ट्राला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व आहे, करारातून बाहेर पडण्याची तरतूद आहे. फिलिपिन्सने १९९१ मध्ये अमेरिकेच्या तळांचा नवा करार फेटाळला, तसे बाजीरावाला करता आले नसते. तथापि तहाचे कलम कसे वाचावे, याबाबत जुन्या तहांनी दिलेली सवय उपयोगी पडते. १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचे पाचवे कलम एकावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानते, परंतु प्रत्येक सदस्य 'आवश्यक वाटेल ती' कृती करील असेही म्हणते. १९५१ चा अमेरिका-फिलिपिन्स करार कृतीस 'घटनात्मक प्रक्रिये'ची चौकट घालतो. हे शब्द वसईच्या 'किरकोळ प्रसंगां'च्या नात्यातले आहेत. तैवानशी १९५४ मध्ये केलेला संरक्षण करार अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिल्यानंतर १ जानेवारी १९८० पासून संपुष्टात आला. पुरंदरच्या तहाचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे. १९९४ च्या बुडापेस्ट दस्तऐवजात युक्रेनला अण्वस्त्रांच्या त्यागाच्या बदल्यात मिळाले ते 'आश्वासन'. 'हमी' हा शब्द अमेरिकेने कटाक्षाने टाळला होता. अस्त्रे आधी गेली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि २०२२ मध्ये आश्वासन देणाऱ्यांपैकीच एकाने, रशियाने, सर्वंकष आक्रमण केले. दक्षिण कोरिया १९९१ पासून अमेरिकी सैन्याच्या खर्चाचा वाटा ठराविक मुदतीच्या करारांनी उचलतो, आणि त्या रकमेवरून दर वेळी घासाघीस होते. मुलूख तोडून देण्यापेक्षा ही पद्धत लहान पक्षास कितीतरी सोयीची, कारण दर नव्या कराराच्या वेळी त्याला पुन्हा बोलता येते.

भारतही या प्रश्नाच्या एकाच बाजूस उभा नाही. १९४९ च्या भारत-भूतान तहात परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे असे कलम होते. २००७ च्या सुधारित तहात ते काढून, एकमेकांच्या राष्ट्रहिताविषयी सहकार्याची भाषा आली. वर्गात वसईचा तह शिकवताना ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचून घेतली, तर विद्यार्थ्यांना शब्दांतील फरक आपोआप दिसतो.

संस्थानांना दिलेल्या हमीचा शेवट कोणत्याही लढाईने झाला नाही. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने ब्रिटिश सार्वभौमत्व आणि त्यासोबतचे सर्व तह १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपले. इंग्रजांचा सर्वांत जुना व निष्ठावान मित्र म्हणवणाऱ्या निजामाने त्यापूर्वी आपल्याला सोडून दिले जात असल्याची तक्रार केली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत भारतीय सैन्य आले तेव्हा १८०० च्या तहाची आठवण लंडनला कोणी करून दिली असती तरी ती निरर्थक होती. ज्याच्या राजकीय व्यवहाराची जबाबदारी ठाण्याच्या कलेक्टरकडे असे, ते डोंगराळ जव्हार संस्थान त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झाले.